अहीर माशात आनुवंशिक फरक सापडला नाही, म्हणजे धरणांचा परिणाम नाही असे होते का?

आपला प्रश्न मी असा समजलो. आपण अहीर या सापासारख्या लांब माशाचे (इंग्रजीत ईल) नमुने तीन ठिकाणांहून घेतले: राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या खालच्या टप्प्यातून वीस, कोकणात वाशिष्ठीतून वीस आणि नांदेड परिसरातून, दीड वर्ष फिरूनही, फक्त चार. माइटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीच्या ज्या भागाचा डीएनए फक्त आईकडून येतो त्यातील, एका जनुकाचा क्रम वाचला आणि तिन्ही ठिकाणांत काहीच भेद दिसला नाही. एफएसटी, म्हणजे ठिकाणाठिकाणांतला आनुवंशिक भेद शून्य ते एक या मापात सांगणारा आकडा, जवळजवळ शून्य आला. आता आपले मार्गदर्शक म्हणतात की नांदेडचे चार नमुने संख्येने अपुरे असल्यामुळे वगळावेत आणि गोदावरीवरील धरणांचा या माशावर आनुवंशिक परिणाम आढळत नाही असा निष्कर्ष लिहून प्रबंध पुढे न्यावा. हे बरोबर आहे का, की प्रयोगशाळेतच काही चुकले, असे आपण विचारले आहे.

प्रयोगशाळेत चुकले असण्याची शक्यता मला कमी वाटते. निष्कर्षाचे वाक्य मात्र धोक्याचे आहे, आणि ते चार नमुने वगळणे ही या सगळ्यातली सर्वात महाग चूक ठरेल. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो. मात्र यातले बरेच काही आपण नमुने कसे घेतले यावर अवलंबून आहे, तेही त्या त्या ठिकाणी नोंदवतो.

आधी एक साधी खात्री करून घ्या. मराठवाड्यातल्या बाजारात ‘वाम’ या एका नावाखाली निदान दोन वेगळे मासे विकले जातात. खरी वाम, म्हणजे मॅस्टासेम्बेलस, हिच्या पाठीवर तीसहून अधिक सुट्या काट्यांची रांग असते आणि तोंडाचे टोक सोंडेसारखे निमुळते असते. तिचा सगळा जन्म गोड्या पाण्यात जातो. अहीर, म्हणजे अँग्विला, हिला पाठीवर एकही काटा नसतो. पाठीचा पर मऊ, लांब आणि शेपटीशी जोडलेला असतो. अहिरीतही दोन जाती मिळू शकतात. अंगावर ठिपक्यांची नक्षी असलेली आणि पाठीचा पर गुदद्वाराच्या बराच पुढे सुरू होणारी ती अँग्विला बेंगालेन्सिस. एकरंगी आणि पर जवळजवळ गुदद्वाराच्या वरच सुरू होणारी ती अँग्विला बायकलर. हे सांगण्याचे कारण माझाच अनुभव. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी बाजारातून कापलेले तुकडे ‘अहीर’ म्हणून विकत घेतले आणि सहा महिन्यांनी क्रम आले तेव्हा त्यातले निम्मे वामीचे निघाले. तेव्हापासून डोक्यासकट अखंड मासा पाहिल्याशिवाय मी नमुना घेत नाही.

अहीर ओळखायला मला शिकवले ते नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या खालच्या बाजूला गळ टाकणाऱ्या एका वयस्क भोई गृहस्थांनी. ते कमरेला चुलीतल्या राखेची पुरचुंडी बांधून येत, कारण अहिरीच्या अंगावरचा बुळबुळीत थर असा असतो की कोरड्या हातातूनही ती निसटते. हात राखेत घोळवला तरच पकड बसते. एका पहाटे हातभर लांबीची अहीर अशीच राखेने धरून त्यांनी तिचे पोट चिरून दाखवले आणि म्हणाले, “सर, वामीच्या पोटात मिरगाच्या आगंमागं आंडी दिसतेत. हिच्या पोटात मी जन्मात आंडं बगितलं न्हाई. ही हितली न्हाईच.” आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वाक्यात आहे. ॲरिस्टॉटलला हेच कोडे पडले होते आणि अहिरी चिखलातून उपजतात असे त्याने मानले. १८७६ साली त्रिएस्तमध्ये शेकडो अहिरी चिरून त्यांचे वृषण शोधत बसलेला तरुण संशोधक पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झाला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. नदीत सापडणाऱ्या अहिरीत पक्व अंडी नसतात, कारण ती परिपक्व होते ती समुद्राकडे निघाल्यावर, आणि अंडी घालते ती खोल समुद्रात. योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे अटलांटिकमध्ये जाळी ओढून, जितके लहान पिल्लू तितके जन्मस्थान जवळ, या तर्काने युरोपीय अहिरीचे प्रजननस्थान सारगासो समुद्रात असल्याचे १९२० च्या दशकात दाखवून दिले. जपानी अहिरीची अंडी प्रत्यक्ष समुद्रात मिळायला २००९ साल उजाडावे लागले. ती मारियाना बेटांच्या पश्चिमेला सापडली.

आता हे जीवनचक्र आनुवंशिकतेच्या भाषेत मांडू. डिंभ म्हणजे अंड्यातून बाहेर आलेले बाल्यरूप. अहिरीत ते चपटे, काचेसारखे पारदर्शक आणि पानाच्या आकाराचे असते. उष्ण कटिबंधातील जातींत ते साधारण तीन ते सहा महिने प्रवाहाबरोबर वाहते, मग बारीक काचअहीर होऊन एखाद्या नदीच्या मुखाशी पोचते आणि वर चढू लागते. कोणत्या नदीत शिरायचे हे आईबाप कोणत्या नदीत वाढले यावर ठरत नाही, प्रवाहावर ठरते. सामन माशाचे नेमके उलट असते; तो जन्मनदीतच परततो, म्हणून त्याच्या नद्यानद्यांत स्पष्ट भेद सापडतात.

मी विद्यार्थ्यांना नांदेडच्या मोंढ्याचा दाखला देतो. समजा पन्नास गावांची ज्वारी मोंढ्यात आली, सगळी एकाच ढिगात ओतली गेली, आणि पुढच्या पेरणीचे बियाणे प्रत्येक गावाने त्याच ढिगातून नेले. असे दरवर्षी होत राहिले, तर अर्धापूरच्या आणि कंधारच्या ज्वारीत आनुवंशिक भेद कसा साठणार? अहिरीसाठी समुद्र हा तो मोंढा आहे. नदी हे केवळ शेत; तिथे पीक वाढते, बियाणे तिथे तयार होत नाही.

या दाखल्याचा पुढचा भागही महत्त्वाचा आहे. ढिगातले बियाणे काळ्या रानात गेले तर एक प्रकारची रोपे तगतील, मुरमाड रानात दुसऱ्या प्रकारची. म्हणजे उभ्या पिकात त्या त्या हंगामापुरता फरक दिसू शकतो, आणि कणसे पुन्हा मोंढ्यात गेली की तो पुसला जातो. अमेरिकी अहिरीत काही जनुकांबाबत नेमके असे दिसले आहे: वेगवेगळ्या तापमानाच्या किनाऱ्यांवर त्या जनुकांच्या काही विकल्पांचे (पर्यायी रूपांचे) प्रमाण नैसर्गिक निवडीमुळे बदलते, पण हा फरक एका पिढीपुरताच टिकतो. त्यामुळे आपण पुढे हजारो चिन्हके, म्हणजे डीएनएतल्या तुलनेसाठी निवडलेल्या जागा, वापरली आणि त्यातल्या मोजक्या जागी नांदेड वेगळे दिसले, तरी घाईने ‘स्वतंत्र समष्टी’, म्हणजे आपसातच प्रजनन करणारा वेगळा गट, म्हणू नका.

याच घाईत मोठमोठे लोक सापडले आहेत. २००१ साली विर्थ आणि बर्नाचेझ यांनी युरोपीय अहिरीत अंतरानुसार वाढत जाणारा सौम्य भेद दाखवला आणि एकच मिसळलेली समष्टी असल्याची कल्पना मोडीत निघाली असे वाटू लागले. २००५ मध्ये डॅनेविट्झ आणि सहकाऱ्यांनी अधिक ठिकाणांचे, आणि मुख्य म्हणजे वेगवेगळ्या वर्षांचे, नमुने घेतले तेव्हा तो अंतराचा भेद टिकला नाही. फरक होता तो ठिकाणाठिकाणांत नव्हे, वर्षावर्षांत. २०११ मध्ये आल्स आणि सहकाऱ्यांनी सारगासो समुद्रातलेच डिंभ तपासून एकच समष्टी असल्याचे पुन्हा दाखवले. एखाद्या वर्षी मोजक्याच जोड्यांची पिल्ले जगतात, त्यामुळे त्या वर्षीची खेप योगायोगाने जरा वेगळी भासते. एका ठिकाणी २०२१ चे आणि दुसऱ्या ठिकाणी २०२३ चे नमुने असतील, तर आपण वर्षांची तुलना ठिकाणांची म्हणून मांडत असतो. आपल्याला शून्य आला आहे, तेव्हा हा सापळा आपल्याला लागला नाही. पण पुढचे नमुने घेताना माशाचे वय कळल्याशिवाय तक्ता करू नका.

‘समुद्रात डिंभ म्हणजे भेद नाही’ असे सूत्रही पाठ करून ठेवू नये. अँग्विला मार्मोराटा ही जात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या मध्यापर्यंत पसरलेली आहे, आणि तिच्यात उत्तर पॅसिफिक, दक्षिण पॅसिफिक व हिंदी महासागर अशा वेगळ्या समष्टी आढळल्या आहेत, कारण तिचे मोंढे एकाहून अधिक आहेत. डोंगरी ओढ्यांत धबधबे चढणाऱ्या सिसिओप्टेरस या चिकटमाशाचे डिंभ समुद्रात चार ते आठ महिने राहतात, आणि हवाई बेटांवरच्या त्याच्या भाऊबंदांत बेटाबेटांमधला भेद नगण्य आहे. उलट न्यूझीलंड आणि टास्मानिया इथल्या गॅलॅक्सियस माशात समुद्री डिंभ असूनही दोन्ही किनाऱ्यांत भेद आहे. डिंभ किती दिवस वाहतात, प्रजननस्थाने किती, आणि प्रवाह कुठून कुठे जातो, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. आपल्या बाबतीत बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांना जोडणारा श्रीलंकेच्या दक्षिणेचा मोसमी प्रवाह वर्षात दोनदा दिशा बदलतो, पावसाळ्यात पूर्वेकडे आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे वाहतो. त्यामुळे वाशिष्ठी आणि गोदावरी यांत फरक न दिसणे मला अजिबात नवलाचे वाटत नाही. तरीही एका माइटोकाँड्रियल जनुकावर ‘पूर्ण मिसळण’ असे लिहू नका. ‘भेद आढळला नाही’ एवढेच लिहा. पेशीकेंद्रातील चिन्हके वापरल्यावरच पुढचे वाक्य लिहिता येईल.

आता धरणांकडे वळतो. एफएसटी हा आकडा वर्तमानाविषयी फार कमी बोलतो. आनुवंशिकीतज्ज्ञ राइट यांच्या जुन्या सूत्रानुसार दर पिढीला एक मासा जरी इकडून तिकडे जाऊन प्रजनन करत राहिला तरी एफएसटी ०.२ च्या वर जात नाही, आणि दहा मासे गेले तर तो ०.०२४ इतका खाली येतो. दहा मासे! एवढ्याने दोन समष्टी आनुवंशिक दृष्टीने एकजीव दिसतात. पण दहा माशांनी नदी भरत नाही, आणि एका भोई कुटुंबाचा एक हंगामही निघत नाही. आनुवंशिक जोडलेपण आणि माशांची प्रत्यक्ष आवक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या मार्गदर्शकांच्या वाक्यात त्या एकत्र झाल्या आहेत.

दुसरा हिशेब काळाचा. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे. अहिरीची पिढी दहा वर्षांची धरली तर पाच पिढ्या. क्षणभर समजा की धरणाने समष्टीचे दोन स्वतंत्र तुकडे केले आणि प्रत्येकात प्रत्यक्ष प्रजनन करणारे दहा हजार मासे आहेत. केवळ योगायोगाच्या चढउताराने निर्माण होणारा भेद अंदाजे पिढ्यांची संख्या भागिले दोनदा प्रजननसंख्या इतका असतो, म्हणजे पाच भागिले वीस हजार, ०.०००२५. माइटोकाँड्रियासाठी हा वेग साधारण चौपट धरला तरी ०.००१. वीस-वीस माशांच्या नमुन्यात हा भेद दिसणे शक्यच नाही. म्हणजे धरणाने तोडफोड केली असती तरीही आपल्याला शून्यच मिळाला असता. हेच वामीला लावून पाहा: पिढी दोन वर्षांची, तुकड्यातली प्रजननसंख्या पाचशे, तर पंचवीस पिढ्यांत ०.०२५ इतका भेद साचतो, आणि तो पुरेशा चिन्हकांनी सहज पकडता येतो. आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत. पण त्यांच्यातले अंतर पाहा.

तिसरी आणि मूळ गोष्ट अशी की अहिरीला हा तुकड्यांचा हिशेब लागूच होत नाही. धरणाच्या वर अडकलेल्या वामी तिथेच प्रजनन करतात, म्हणून त्यांची वेगळी समष्टी होते. धरणाच्या वर अडकलेल्या अहिरी प्रजननच करत नाहीत. त्या वेगळ्या होत नाहीत, त्या हिशेबातून जातात. धरणामुळे वामीत भेद निर्माण होतो, अहिरीत अभाव. आणि अभावाला एफएसटी नसतो.

युरोपीय अहिरीचे उदाहरण इथे पुरेसे आहे. १९८० नंतर युरोपच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या काचअहिरींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, २००८ मध्ये ती जात अतिसंकटग्रस्त ठरली, आणि २०२१ मध्ये शेकडो माशांचे संपूर्ण जीनोम वाचल्यावरही निष्कर्ष तोच आला: एकच समष्टी, नद्यानद्यांत भेद नाही. म्हणजे भेद शून्य असतानाच मासा कोसळत होता. त्या घसरणीमागे धरणे, मासेमारी, परजीवी कृमी आणि बदलते प्रवाह अशी अनेक कारणे मांडली जातात. मुद्दा इतकाच की यातले काहीही एफएसटीत उमटले नाही.

म्हणून आपल्या तक्त्यातला सर्वात बोलका आकडा शेवटच्या स्तंभातला शून्य नाही, तर नांदेडसमोरचा चार हा आहे. समुद्रातून निघालेल्या पिल्लाला नांदेडला यायचे तर एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटनने बांधलेल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापासून सुरुवात करून मेडिगड्डा, श्रीरामसागर, बाभळी असे एकामागून एक अडथळे पार करावे लागतात; पैठण तर विष्णुपुरी आणि मधल्या उच्च पातळी बंधाऱ्यांच्याही पलीकडे. अहिरीची पिल्ले ओल्या भिंतीवरूनही चढतात, त्यामुळे चार तरी मिळाले याचेच मला विशेष वाटते. त्यातही अँग्विला कुळातल्या अनेक जातींत नदीच्या वरच्या, विरळ भागात वाढणारे मासे प्रामुख्याने माद्या असतात, मोठ्या होतात आणि लाखोंनी अंडी देतात. वरचा टप्पा तुटला तर समुद्रातल्या ढिगाला सर्वात मोठी कणसे देणारे शेतच पडीक पडते, आणि त्याची झळ वाशिष्ठीच्या मुखाशी येणाऱ्या पिल्लांनाही लागू शकते. एकच समष्टी असणे हे दिलाशाचे लक्षण म्हणून अनेकजण वाचतात. मी ते सामाईक खात्यासारखे वाचतो.

मात्र ‘चार’ हा आकडा जसाच्या तसा ठेवला तर परीक्षक तो एका प्रश्नात उडवून लावतील. राजमहेंद्रीला किती रात्री, किती गळ, कोणती जाळी, नांदेडला किती? इथे आपल्या नोंदवहीवर सारे अवलंबून आहे. समान प्रयत्नाला किती मासे, असा दर काढता आला तरच तुलना उभी राहते. नोंदी नसतील तर येत्या पावसाळ्यात तेवढ्यासाठी एक फेरी करा, आणि धरणांच्या वर-खाली पाणी गाळून त्यातला डीएनए तपासा. मासा हाती न लागताही त्याची उपस्थिती त्यातून कळते. वयस्क मच्छीमारांना शेवटची अहीर कधी लागली हे विचारा, पण साल विचारू नका. किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर, विष्णुपुरीचे पाणी अडवण्याआधी की नंतर, असे विचारा. त्याच वेळी मोठ्या गोदावरी झिंग्याबद्दलही विचारून ठेवा. त्याच्याही डिंभांना खाडीचे मचूळ पाणी लागते, म्हणून तो आपल्या कथेचा दुसरा साक्षीदार आहे.

मी आपल्या जागी असतो तर अहिरीच्या जोडीला वाम घेतली असती. तीच नदी, तीच धरणे, बहुधा तीच जाळी. एक मासा समुद्रावर अवलंबून, दुसरा नाही. वामीत धरणाच्या वर आणि खाली भेद, अहिरीत भेद नाही पण वर संख्या नाही, असे निघाले तर प्रबंधाला कणा मिळेल. वामीतही भेद नसेल, तर माझा वरचा हिशेब कुठे फसला हे पाहावे लागेल. तिची पाचशेची संख्या कदाचित फार कमी धरली असेल. चिन्हके किती आणि नमुने किती लागतील हे पॉवसिमसारख्या संगणक प्रणालीत आधीच तपासून घ्या, आणि हजारो चिन्हके वापरल्यावर ०.००१ सुद्धा सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण ठरतो, तेव्हा त्याचा जैविक अर्थ वेगळा तपासा.

मार्गदर्शकांशी बोलताना वाद घालण्याऐवजी एकच वाक्य बदलून दाखवा. ‘धरणांचा आनुवंशिक परिणाम आढळत नाही’ याऐवजी ‘तिन्ही ठिकाणच्या नमुन्यांत माइटोकाँड्रियल भेद आढळला नाही, या माशाच्या जीवनचक्रामुळे धरणे असतानाही हेच अपेक्षित आहे, त्यामुळे धरणांच्या परिणामाची परीक्षा या पद्धतीने होऊ शकत नाही’ असे लिहा. ते लांब आहे, पण त्यातला प्रत्येक भाग आपण सिद्ध करू शकता.

शेवटी एक तातडीची गोष्ट. त्या चार माशांची डोकी अजून फ्रीजरमध्ये असतील तर टाकू नका. प्रत्येकाच्या कानात ज्वारीच्या कणीएवढा खडा असतो. तो कापून घासला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात आणि वय कळते. वलयांतील स्ट्राँशियम आणि कॅल्शियम यांचे प्रमाण मोजले की मासा खाऱ्या पाण्यातून गोड्यात कोणत्या वयात आला हेही कळते. चौघे एकाच वर्षी वर चढले की वेगवेगळ्या वर्षी, म्हणजे वाट एखाद्या महापुरातच उघडली की दरवर्षी थोडी उघडी असते, हे त्या चार खड्यांत नोंदलेले आहे. खडे काढल्यावर कुप्यांत कोरडे ठेवा, आणि पराचे तुकडे ठेवलेल्या कुप्यांतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा. मे महिन्यात नांदेडच्या उन्हात गाडीच्या डिकीत अल्कोहोल झिरपून पेनाची शाई पुसली गेलेल्या एकोणीस कुप्या माझ्या कपाटात अजूनही बेनाव पडून आहेत.